ऊर्ध्वपातनाचे घरगुती यंत्र : प्रकल्पाच्या नोंदी, बडोदे

८ डिसेंबर

येत्या २८ फेब्रुवारीस, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनी, आमच्या वसाहतीतील आठवी ते दहावीच्या मुलामुलींसमोर ऊर्ध्वपातनाचे, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ निववून पुन्हा द्रव मिळवण्याचे (बोलीत ‘गाळण्याचे’), प्रात्यक्षिक करावयाचे ठरले आहे. चंबूपात्र, संघनक (वाफ निववणारी) नलिका, स्टँड हे साहित्य भाड्याने मिळू शकते. परंतु ती मांडणी टेबलावर आयती आली की मुले आकृती पाठ करतात आणि कोणता भाग कशासाठी आहे, हा प्रश्न कोणालाच पडत नाही. म्हणून यंत्र घरच्या आणि बाजारच्या वस्तूंतून उभे करावयाचे आणि प्रत्येक भाग जोडण्यापूर्वी, तो नसताना काय होते, हे दाखवावयाचे, असे धोरण ठेवले आहे. ऊर्ध्वपातनात तापवणे हे अर्ध्याहून कमी काम असून खरे काम निववण्याचे आहे, असे माझे पूर्वीपासूनचे मत आहे. मुलांनी या प्रात्यक्षिकातून एकच गोष्ट घेतली तर ती हीच असावी.

काय गाळावयाचे नाही, हेही आजच लिहून ठेवतो. मद्यार्काला हात लावावयाचा नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा गुजरातेत राज्यस्थापनेपासून लागू आहे आणि परवान्यावाचून मद्य गाळणे हा गुन्हा आहे. शिवाय त्याची वाफ पेट घेते, त्यामुळे मुलांच्या घोळक्यात तो प्रयोग तसाही नको. ॲसिटोन याच कारणाने वगळले. मिठाचे पाणी, व्हिनेगर आणि ओवा एवढ्यावर भागेल.

१४ डिसेंबर

सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी रचना आधी करून पाहिली. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात शाईचे चार थेंब टाकलेले पाणी घेतले, मध्ये तिवईवर एक वाटी ठेवली आणि पातेल्यावर काचेचे झाकण उलटे, म्हणजे मूठ खाली येईल असे, ठेवून त्यात गार पाणी ओतले. वाफ काचेला लागते, थेंब उतारावरून मुठीकडे सरकतात आणि मुठीच्या टोकावरून वाटीत पडतात. थेंब काचेवर प्रथम धुक्यासारखे दिसतात, मग शेजारचे दोन एकमेकांत मिसळून जड होतात आणि एकदम घसरतात. हे सर्व मुलांना उघड्या डोळ्यांनी दिसते, हा या रचनेचा मोठा गुण. वाटीतले पाणी अगदी रंगहीन निघाले.

रसशास्त्रातील, म्हणजे पारा व धातूंच्या जुन्या भारतीय विद्येतील, विद्याधर यंत्राचे तत्त्व हेच आहे. खालच्या भांड्यात हिंगूळ (पाऱ्याचे खनिज), वरच्या भांड्यात थंड पाणी, आणि वरच्या भांड्याच्या बुडाला बाहेरून जमलेला पारा खरवडून घ्यावयाचा. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात अशा यंत्रांची वर्णने आहेत. त्यातले जे यंत्र पाहावे त्यात ओले फडके, पाण्याचे भांडे अशी निववण्याची काहीतरी सोय ठेवलेली असतेच.

उणीव एवढीच की झाकणातले पाणी पाहता पाहता तापते आणि ते बदलावे लागते. पाणी कोमट झाले की वाटीत पडणारे थेंब विरळ होतात आणि झाकणाच्या कडेने वाफ निसटू लागते.

२२ डिसेंबर

फ्रीज आणि एसी दुरुस्तीचे सामान विकणाऱ्या दुकानातून तीन सुती (३/८ इंच जाडीची) तांब्याची नळी आणली. उकळण्याचे भांडे म्हणून पाच लिटरचा स्टीलचा कुकर घेतला आहे, कारण त्याचे झाकण घट्ट बसते आणि शिट्टी काढून घेतल्यावर उरणाऱ्या नळकांडीवर सिलिकॉनच्या नळीचा तुकडा क्लिप लावून पक्का बसतो. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर चालत नाही; आणि मला शेगडी इंडक्शनचीच हवी होती, कारण तिच्यावर किती वॉट दिले हे आकड्यात दिसते.

सुरक्षेचा नियम वहीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहिला आहे : नळीचे दुसरे टोक कायम उघडे राहिले पाहिजे. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जागच्या जागी ठेवावयाचा. नळीला कोठेही खोलगट वळण नको, कारण तेथे पाणी साचून वाट अडते. टोक जमा झालेल्या पाण्यात बुडू द्यावयाचे नाही, कारण शेगडी बंद होताच आतली वाफ आटते, कुकरमध्ये पोकळी होते आणि बाहेरचे पाणी उलटे आत ओढले जाते.

आजची चाचणी मुद्दाम निववण्याच्या सोयीशिवाय केली. दीड मीटर सरळ नळी हवेत उतरती धरली, शेगडी १००० वॉटवर ठेवली. नळीच्या टोकातून वाफेचा झोत फूटभर दूर जात होता आणि मोजपात्रात मिनिटाला जेमतेम एक मिलिलिटर पाणी पडत होते. एवढी नळी हवेत सुमारे चाळीस वॉट उष्णता टाकू शकते, असा हिशेब येतो. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे २२६० ज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे चाळीस वॉटमध्ये मिनिटाला साधारण एक ग्रॅमच. हिशेब आणि मोजपात्र यांचे इतके जमले की भाची (नववीत आहे, नोंदी तीच घेते) म्हणाली, “मामा, हे तू आधी ठरवून मग पाणी मोजलंस ना?” तिला स्वतःला मोजावयास लावले.

२३ डिसेंबर

शेजारच्या काकांनी गॅलरीतून कुकर, नळी आणि बादली पाहिली. “अहो, हे हातभट्टीचं सामान कशाला मांडलंय?” ओव्याचा अर्क आणि मिठाचे पाणी, असे सांगितल्यावर हसले, पण “कोणी फोनबिन केला तर पंचाईत व्हायची, पाटी लावा” असे सुचवून गेले. सूचना योग्य आहे. बादलीवर मराठीत आणि गुजरातीत प्रयोगाचे नाव चिकटवले.

५ जानेवारी

वेटोळे तयार केले. तांब्याची नळी तशीच वाकवली तर चेपते आणि वाट बंद होते. म्हणून बारीक चाळलेली, तव्यावर कोरडी केलेली वाळू नळीत ठासून भरली, भरताना नळीवर लाकडी दांड्याने टिचक्या मारत राहिलो म्हणजे वाळू खाली बसते, आणि दोन्ही टोकांना लाकडी गुट्ट्या ठोकल्या. मग चार इंची पीव्हीसी पाइपवर हळूहळू गुंडाळत गेलो. तीन मीटर नळीची सात वेटोळी झाली आणि दोन्ही बाजूंना पुरेशी सरळ टोके उरली. वाळू काढण्यासाठी नळी उलटी धरून बराच वेळ ठोकावी लागते. शेवटचे कण नळाच्या धारेने निघाले.

कोठेही झाळकाम केलेले नाही, आणि करावयाचेही नाही, कारण साध्या झाळीत शिसे असते. तरीही या यंत्रातून निघणारे पाणी पिण्यासाठी नाही, असे मुलांना सांगावयाचे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यास ते चालेल.

११ जानेवारी

वेटोळे पंधरा लिटरच्या बादलीत बसवले, खालचे टोक बादलीच्या बुडाजवळ पाडलेल्या छिद्रातून रबरी बुचाने बाहेर काढले. त्याच कुकरमध्ये, त्याच १००० वॉटवर, टोकातून वाफ मुळीच येत नाही आणि पाण्याची बारीक पण अखंड धार लागते : मिनिटाला १८ मिलिलिटर. हवेतल्या नळीशी तुलना केली तर अठरापट.

१८ ग्रॅम वाफेची उष्णता मिनिटाला सुमारे ४१ किलोज्यूल होते, आणि शेगडी मिनिटाला ६० किलोज्यूल वीज घेते. उरलेली उष्णता शेगडी स्वतः, कुकरचे अंग आणि झाकण यांतून हवेत जाते. कुकरला जुन्या टॉवेलचे वेष्टण दिले तर हा तोटा कमी होईल, पण इंडक्शन शेगडीजवळ कापड लोंबते ठेवणे मला पसंत नाही.

वीस मिनिटांनी बादलीत हात घातला तेव्हा वरचे चार बोटे पाणी चटका बसेल इतके तापलेले होते आणि तळाशी मात्र नळाच्या पाण्याइतकेच गार. तापमापकाने वर ५८ अंश, खाली २२ अंश. पाणी ढवळले नाही तर ते असेच थरांनी राहते, आणि हे आपल्या फायद्याचे आहे, कारण वाफ वरून शिरते, तिची मोठी उष्णता वरच्या कोमट पाण्याला देते आणि तयार झालेले पाणी शेवटी तळाच्या सर्वांत गार थरातून बाहेर पडते. गार पाणी तळाशी सोडावयाचे आणि तापलेले वरून वाहून जाऊ द्यावयाचे, हा प्रयोगशाळेतल्या संघनकाचाही नियम आहे. त्याला लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे नाव असले तरी तशी रचना वायगेल या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञांनी १७७१ मध्येच वर्णिली होती. उंचावर ठेवलेल्या दुसऱ्या बादलीतून बारीक नळीने तळाशी पाणी सोडण्याची व्यवस्था केली. बाहेर पडणारे पाणी ४५ अंशांवर राहील इतपत धार ठेवली, तर एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यामागे सुमारे २५ लिटर गार पाणी लागते.

कनौजचे अत्तरवाले आजही देग (उकळण्याचे भांडे) आणि भपका (वाफ थिजवण्याचे भांडे) वापरतात. भपका पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो आणि हौदातले पाणी तापले की बदलावयाचे, हे कारागिराचे मुख्य काम. देगेच्या झाकणाची फट ते मातीने लिंपतात. आमच्या पातेल्याच्या झाकणाला कणकेची वात लावली की तेवढेच काम होते.

१७ जानेवारी

उत्तरायणात सर्व मुले गच्चीवर होती, काम बंद. भाचीच्या बोटांना मांज्याच्या चिरा आहेत, म्हणून मिठाचे काम दोन दिवस पुढे.

१९ जानेवारी

दोन लिटर पाण्यात ७० ग्रॅम मीठ विरघळवले, म्हणजे साधारण समुद्राच्या पाण्याइतके खारट. आधी उघड्या भांड्यात उकळबिंदू पाहिला. बडोदे समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरही उंच नाही, त्यामुळे साधे पाणी येथे जवळजवळ पुऱ्या १०० अंशांवर उकळते. मिठाचे पाणी १००.५ वर उकळले आणि आटून निम्मे झाल्यावर १०१ च्या वर गेले. तापमापक पाण्यातून काढून वाफेत धरला की आकडा पुन्हा १०० वर येतो, कारण त्याच्या टोकावर शुद्ध पाण्याचा पातळ थर जमतो आणि तो थर १०० अंशांनाच वाफेशी समतोल राखतो. तापमापकाचे टोक वाफेच्या वाटेशी धरावे, द्रवात बुडवू नये, असे आकृतीत का दाखवतात, ते येथे कळते.

मग यंत्र. कुकर मुद्दाम साडेतीन लिटरपर्यंत, गळ्याशी, भरून पाहिला तेव्हा निघालेल्या पाण्याला क्षारमापकाने १४० दाखवले आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकताच दुधाळ गढूळपणा आला, ही पाण्यात मीठ असल्याची खूण. मीठ वाफ होऊन गेलेले नाही. उकळी फुटताना उडणारे बारीक तुषार वाफेबरोबर नळीत शिरले. दोन लिटरच भरून आणि झाकणाच्या आतून, नळकांडीच्या तोंडाशी, भांडी घासण्याची स्टीलच्या तारेची नवी घासणी सैलसर बांधून पुन्हा चालवले. तुषार तारेला अडकून खाली पडतात, वाफ पार होते. आता मापक ६ दाखवतो. नळाचे पाणी २९० दाखवते. उकळी एकदम उसळू नये म्हणून मातीच्या कुंडीचे खापराचे तुकडे टाकले आहेत, तेही ठेवावयाचे. प्रयोगानंतर कुकर लगेच धुवावा, मिठाने स्टीलला टिपके पडतात.

२६ जानेवारी

मुलांना वाचून दाखवण्यासाठी टिपण. बडोद्याशी संबंध असलेली ही गोष्ट आहे आणि आमच्या मुद्द्याला तिच्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

उदयपूरजवळच्या जावर येथे मध्ययुगात जस्त गाळत असत. जस्त काढणे अवघड, कारण खनिजातून ते सुटेपर्यंत भट्टी हजार अंशांच्या वर गेलेली असते आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळते; म्हणजे ते सुटते तेच वाफ होऊन, आणि त्या वाफेला हवा लागली की जळून पांढरी राख होते. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भरून त्यांची तोंडे खाली करून ठेवली. वरच्या दालनात जाळ, मध्ये भोके पाडलेल्या विटांचा थर, आणि खालच्या थंड दालनात मुशींच्या नळ्या उतरलेल्या. वाफ वर न जाता खाली येते आणि तेथे थिजते. एका भट्टीत अशा ३६ मुशी, सहा गुणिले सहा. त्यांपैकी काही भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या, आणि १९८० च्या दशकात त्यांचा अभ्यास ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडक आणि आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे के. टी. एम. हेगडे यांनी हिंदुस्थान झिंकच्या साहाय्याने केला. जाळ तर त्या काळी कोणीही हवा तेवढा करू शकत होते. हवा न लागू देता निववावयाचे कोठे, हे जावरने सोडवले.

२ फेब्रुवारी

मीठ मागे राहते, कारण ते उडतच नाही. दोन्ही घटक उडणारे असले की काय होते, हे दाखवण्यासाठी व्हिनेगर. तांब्याच्या नळीतून ते नेऊ नये, कारण ॲसेटिक आम्ल तांब्याला खाते आणि विषारी जंगाल तयार होतो. म्हणून १४ डिसेंबरचीच पातेले आणि उलट्या झाकणाची रचना, वाटी काचेची.

ॲसेटिक आम्ल ११८ अंशांना उकळते, पाणी १०० ला. तेव्हा आधी पाणी आणि मग आम्ल येईल, अशी सर्वांची अटकळ होती. वाटीतल्या पहिल्याच थेंबांनी निळा लिटमस लाल झाला. किती आम्ल आले, हे चुन्याच्या निवळीने मोजले : एक मिलिलिटर मूळ व्हिनेगर उदासीन व्हावयास १७ मिलिलिटर निवळी लागली, वाटीतल्या तेवढ्याच द्रवास १२. आम्ल कमी झाले, गेले नाही. एकदा गाळून दोन द्रव वेगळे होत नाहीत. तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागते. कारखान्यातल्या ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात ते एकावर एक थाळ्या रचून साधतात, प्रत्येक थाळीवर थोडी वाफ थिजते आणि थोडा द्रव पुन्हा उकळतो. बडोद्याजवळची कोयलीची रिफायनरी १९६५ पासून खनिज तेलाचे हेच करते आहे, आणि तिचे मनोरे तिकडच्या रस्त्याने जाताना मुलांनी पाहिलेले आहेत. तेव्हा या नोंदीला आकृतीची गरज नाही.

९ फेब्रुवारी

ओवा. पाव किलो ओवा खलबत्त्यात ओबडधोबड कुटून, मलमलच्या पुरचुंडीत बांधून कुकरमधल्या जाळीवर ठेवला. सुटे दाणे टाकू नयेत, ते उकळीबरोबर वर येऊन नळकांडीत अडकू शकतात. पहिल्या दहा मिनिटांतच खोलीत वास भरला. नळीतून येणारे पाणी दुधाळ होते आणि लांब मानेच्या बाटलीत स्थिरावल्यावर त्यावर फिकट पिवळ्या तेलाचा थर जमला, तीन ते चार मिलिलिटर.

ओव्याच्या तेलातील थायमॉल एकटे असते तर २३२ अंशांना उकळले असते. पाण्याबरोबर मात्र ते १०० अंशांच्याही किंचित खाली निघून येते. न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापले की प्रत्येकाची वाफ आपापला दाब स्वतंत्रपणे लावते, आणि दोन्ही दाबांची बेरीज बाहेरच्या हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळते. पाण्याचा वाटा फार मोठा, तेलाचा अगदी थोडा; म्हणून लिटरभर पाण्याबरोबर चमचाभर तेल.

तेल फ्रीजमध्ये ठेवून त्यात गांध्याकडून आणलेल्या ओव्याच्या फुलाचा एक खडा टाकला. सकाळी खड्याभोवती पारदर्शक, लांबट स्फटिक वाढलेले होते. बाजारात ओव्याचे फूल म्हणून विकतात ते हेच थायमॉल. हे तेल तीव्र असते. चाखावयाचे नाही, कातडीला लावावयाचे नाही.

२८ फेब्रुवारी

प्रात्यक्षिक झाले. क्रम असा ठेवला : हवेतील सरळ नळी, मग बादलीतले वेटोळे, मग मीठ, शेवटी ओवा. व्हिनेगरचा भाग वेळेअभावी तोंडी सांगितला. सरळ नळीतून वाफ वाया जाताना एक मुलगा “नळी अजून लांब करा” म्हणाला. किती लांब, असे विचारल्यावर त्यानेच गुणाकार करून सांगितले : मिनिटाला १८ मिलिलिटरसाठी सत्तावीस मीटर.

दहावीतल्या एका मुलीने विचारले की खंभातच्या आखातात एवढे पाणी असताना ते असेच गाळून का पीत नाहीत. फळ्यावर हिशेब मांडला. २५ अंशांचे एक लिटर पाणी उकळीला आणण्यास सुमारे ३१५ किलोज्यूल, आणि त्याची वाफ करण्यास आणखी २२५७, म्हणजे सातपट. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधील उष्णतेपैकी साठ टक्के भांड्याला लागली असे धरले तरी एका सिलिंडरात सुमारे १५० लिटरच पाणी निघते. एका कुटुंबाला ते आठवडाभर पिण्या-रांधण्यापुरतेही पुरेल की नाही. ती म्हणाली, “पण सर, ती उष्णता बादलीतच आहे की.” अगदी बरोबर. समुद्राचे पाणी गाळण्याचे मोठे कारखाने बादलीच्या जागी पुढचे खारे पाणीच ठेवतात, म्हणजे एका टप्प्यात थिजणारी वाफ पुढच्या टप्प्याचे पाणी तापवते आणि तीच उष्णता अनेकदा कामी येते. फळ्यावर तीन बादल्यांची साखळी तिनेच काढली. दुसऱ्या बादलीचा दाब कमी का ठेवावा लागतो, यावर मात्र घरी जाईपर्यंत वाद चालला होता.

२ मार्च

वेटोळे व्हिनेगर न लावता नुसत्या गरम पाण्याने धुऊन, फुंकर मारून कोरडे केले. कुकरच्या रबरी रिंगेला ओव्याचा वास कायमचा बसला आहे, तो कुकर आता प्रयोगासाठीच. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी ३६ अंशांवर असते, तेव्हा लिटरमागे २५ च्या जागी सुमारे ६५ लिटर गार पाणी लागेल असा हिशेब येतो. तो बादली लावून ताडून पाहण्याचे काम भाचीकडे दिले आहे, टाकी रिकामी झाल्यास जबाबदारी माझी.